हाफ-लाइफ २ : गेमला दहापैकी दहा, कुलपाला भोपळा

"मामा, फुकट भेटला म्हणजे आपला झाला ना?"

प्रश्न साधाच होता. विचारणारा माझा भाचा, वय वर्षं सोळा, मुक्काम खामगाव, जिल्हा बुलडाणा. तारीख १६ नोव्हेंबर २०२४, शनिवार. पुढच्या बुधवारी विधानसभेचं मतदान होतं म्हणून मी पुण्याहून ट्रॅव्हल्सने, रात्रभर हाडं खिळखिळी करून घेत, घरी पोचलो होतो. नेमकी त्याच दिवशी 'हाफ-लाइफ २'ला वीस वर्षं पूर्ण झाली आणि त्या आनंदात व्हॉल्व्ह कंपनीने तो गेम वीकेंडपुरता फुकट वाटायला काढला. मी भाच्याच्या नावाने स्टीमवर खातं उघडून दिलं, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड लावलं आणि आम्ही जेवायला बसलो. पहिल्याच घासाला त्याने हा प्रश्न टाकला.

मी गेली सतरा-अठरा वर्षं सॉफ्टवेअरची हमाली करून पोट भरतोय. तरी मला चटकन "हो" म्हणता येईना. का येईना, त्यासाठी आजची ही खरड.

हाफ-लाइफ २ वर लिहिणारे लोक साधारण दोन जातीचे असतात. पहिले गुणपत्रिकावाले. ग्राफिक्स नऊ, साउंड नऊ, गेमप्ले साडेनऊ, बेरीज भागिले तीन, की झालं परीक्षण. दुसरे वारकरी. त्यांचं एकच पालुपद, तिसरा भाग कधी येणार? (२००७ साली एपिसोड टू एका भलत्याच नाजूक जागी संपला, आणि वारी तेव्हापासून चालूच आहे.) दोघंही एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. दुकानातून डिस्क विकत आणली तरी कंपनीच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय उघडत नाही, अशा पहिल्या मोठ्या सिंगल-प्लेअर गेम्सपैकी हा एक. म्हणजे ह्या सिक्वेलने आपल्याला दोन गोष्टी दिल्या: एक अफाट गेम आणि एक अफाट कुलूप. परीक्षण करायचं तर दोन्हीचं करा. आणि कृपा करून दोघांची सरासरी काढू नका.

आधी गेमबद्दल. नाहीतर म्हणाल ह्याला गेमच आवडत नाही.

पहिला हाफ-लाइफ नोव्हेंबर १९९८चा. गॉर्डन फ्रीमन नावाचा चष्मेवाला शास्त्रज्ञ, ब्लॅक मेसा नावाची प्रयोगशाळा, एक फसलेला प्रयोग आणि भोकातून बाहेर येणारे परग्रहवासी. पेंटियम १३३ आणि २४ एमबी रॅमवर चालायचा. तेव्हाचे बाकीचे शूटर म्हणजे किल्ली शोधा, दार उघडा, समोर येईल त्याला गोळ्या घाला. ह्या गेमने सगळी गोष्ट गॉर्डनच्या डोळ्यांतून दाखवली. मध्येच कॅमेरा उचलून सिनेमा दाखवला नाही की "चॅप्टर संपला, शाब्बास" म्हणून पाठ थोपटली नाही.

आता अशा गेमचा दुसरा भाग काढायचा तर आपण सॉफ्टवेअरवाले काय करू? व्हर्जन वनच्या फीचर लिस्टला आणखी वीस फीचर्स चिकटवू. जास्त बंदुका, जास्त राक्षस, तीच प्रयोगशाळा पण पाच मजली. व्हॉल्व्हने उलट केलं. जवळजवळ सगळं फेकून दिलं. ब्लॅक मेसा गेली. कितीतरी जुने राक्षस गेले. राहिला तो गॉर्डनचा अखंड डोळा आणि त्याचं मौन. गोष्ट सुरू होते ती एका रेल्वे स्टेशनवर.

हे स्टेशन सिटी १७चं. पृथ्वी कम्बाइन नावाच्या परकीय सत्तेने जिंकून घेतलेली आहे. गाडीतून माणसं उतरतात, सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे कपडे. वर भल्यामोठ्या पडद्यावर ब्रीन नावाचे एक साहेब गोड आवाजात आपण किती सुरक्षित आहोत ते सांगताहेत. पुढे मुखवटा घातलेला एक शिपाई तुमची वाट अडवतो, पत्र्याचा डबा जमिनीवर पाडतो आणि म्हणतो, उचल, कचऱ्यात टाक.

इथे गेम तुम्हाला वस्तू उचलायचं बटण शिकवतोय. एवढंच. पण ट्यूटोरियलची खिडकी उघडून "ई दाबा" सांगण्याऐवजी त्याने तुमचा अपमान करून ते शिकवलं. बोटाला बटण कळलं आणि त्याच क्षणी मनाला कळलं की ह्या गावात राज्य कोणाचं आहे. वीस वर्षांत मी ह्याहून चांगलं ऑनबोर्डिंग पाहिलेलं नाही. आमच्या युएक्सवाल्यांनी प्रोजेक्टरवर लावून बघावं असं.

भाच्याने काय केलं? डबा उचलला आणि थेट शिपायाच्या थोबाडावर हाणला. शिपाई दंडुका काढून मागे लागला. आणि कोपऱ्यात अचीव्हमेंट झळकलं, नाव 'डिफायंट'. म्हणजे उद्दाम, न जुमानणारा. मुकाट्याने कचऱ्यात टाकला असता तर 'सबमिसिव्ह' नावाचं मिळालं असतं. हे डिफायंट प्रकरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे खरी मजा. हॅवॉकचं फिजिक्स इंजिन वापरून व्हॉल्व्हने वस्तूंना वजन दिलं. कालव्याच्या भागात एक फळी आहे, मध्ये टेकू. वर चढायचंय, पण फळी तुमच्याच बाजूला खाली झुकते. बाजूला सिमेंटचे ठोकळे पडलेत. कुठेही बाण नाही, नकाशा नाही, "हिंट हवी का?" नाही. भाचा मोबाईल गेम्सवर वाढलेला, त्यामुळे सुरुवातीला वैतागला. "काही सांगूनच नाही राह्यला हा गेम!" मी गप्प. दोन मिनिटांनी त्याने ठोकळे उचलून फळीच्या दुसऱ्या टोकाला रचले, टुणकन वर गेला आणि माझ्याकडे असं बघितलं की जसं तरफेचा शोध त्यानेच लावला. नववीच्या पुस्तकाला जे जमलं नाही ते दोन मिनिटांत झालं. मग ग्रॅव्हिटी गन हातात येते आणि रेव्हनहोमच्या भुताळ्या गावात, गोळ्या संपल्यावर, भिंतीतली करवतीची पाती, डबे, रेडिएटर हेच तुमचं हत्यार होतं. पहिल्या भागाने विचारलं होतं, तू काय बघतोस? दुसऱ्याने विचारलं, तुझ्या आजूबाजूला जे पडलंय त्याचं तू काय करू शकतोस? माझ्या मते सिक्वेलची परीक्षा हीच. पहिल्याने जे मागितलं नव्हतं ते दुसरा तुमच्या हाताकडून मागतो का? बंदुका किती वाढल्या हा प्रश्नच नाही.

आणि जागा! सिटी १७चं रूप मुख्यतः व्हिक्टर अँटोनोव्ह ह्या कला-दिग्दर्शकाचं. तो मूळचा बल्गेरियातल्या सोफियाचा. (फेब्रुवारी २०२५ मध्ये गेला बिचारा.) अमेरिकन गेम्समध्ये तेव्हा एक तर अंतराळयान असायचं नाहीतर न्यूयॉर्क. ह्याने जुन्या पूर्व युरोपातल्या चाळी, गंजलेले रूळ, ओस पडलेल्या गोद्या आणल्या. आता खामगावच्या माणसाला सोफिया कुठे माहीत असणार? पण जलंब जंक्शनवर उतरून, कापसासाठी इंग्रजांनी टाकलेल्या तेरा किलोमीटरच्या फाट्यावरून जो घरी गेलाय, त्याला ते स्टेशन ओळखीचं वाटतं. हायवे १७च्या भागात समुद्र मागे हटलेला आहे. बोटी वाळूवर, धक्क्याचे खांब कोरडे. कम्बाइन पृथ्वीचं पाणी उपसून नेतंय. त्यावर गेममधलं कोणी भाषण करत नाही, तुम्ही गाडीतून जाता जाता बघता फक्त. आमच्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांत विहिरीला पाणी असतं, पण ते तोंडात धरवत नाही. त्या मुलखातल्या माणसाला पाण्याबद्दल भाषण लागत नाही. बाकी परग्रहाचं म्हणाल तर लोणारमुळे आमच्या जिल्ह्याला आकाशातून पाहुणे यायची सवय आहेच :)

दोष नाहीत का? आहेत की. बोटीचा चॅप्टर रबरासारखा ताणलाय. शेवटाकडे चार साथीदार तुमच्याबरोबर येतात आणि नेमके दारात उभे राहून तुमचीच वाट अडवतात. पहिल्या भागातले सैनिक ह्या भागातल्या सैनिकांपेक्षा हुशार वाटायचे. आणि ऐन पळापळीत "लोडिंग" येतं ते वेगळंच. पण हे सगळं पत्करून मी दहापैकी दहा देतो. इंजिनियर म्हणून आणखी एका कारणासाठी देतो. हा गेम गरीब मशीनवर चालायचा. १.२ गिगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅम आणि डायरेक्टएक्स ७च्या जमान्यातलं जुनं कार्ड. पाणी जरा प्लास्टिकचं दिसायचं, पण चालायचा. कुणीतरी तिथे बसून, स्वस्त मशीनवाल्याचाही विचार केला होता.

आणि मग त्याच कंपनीत कुणीतरी बसून कुलपाचाही विचार केला होता.

आता जरा २००५ सालात चला. खामगावात एक सायबर कॅफे होता. वीस रुपये तास, सात मशीन, आणि त्यातल्या एकालाच ग्राफिक्स कार्ड. बाकी सहांवर लॅनवरून काउंटर-स्ट्राइक, जो मुळात पहिल्या हाफ-लाइफचाच पोरांनी बनवलेला मॉड. भारनियमन जोरात. इन्व्हर्टरवर दोनच मशीन चालायची, त्यामुळे लाईट गेली की पाच जण बाहेर कट्ट्यावर आणि दोघं नशीबवान आत. त्या कार्डवाल्या मशीनवर मी हाफ-लाइफ २ संपवला. माझी सेव्ह फाइल दोनदा दुसऱ्याच कुणीतरी उडवली. तिसऱ्यांदा मी तिला 'टॅली बॅकअप' नाव दिलं, तेव्हा वाचली.

आता कबुली. ती कॉपी चोरीची होती. कुठून आली विचारलं नाही, विचारायची रीत नव्हती. मी चोरीचा गेम खेळलो, आणि पुढे चोरी रोखण्याच्या नोकरीत पगार घेतला. हे दोन्ही खरं आहे आणि त्याचा मला अभिमान नाही.

पण समजा त्या वेळी मी सज्जन असतो. समजा पैसे साठवून मी मुंबईहून अस्सल डबा मागवला असता. तर? डिस्क टाका, स्टीम टाका, खातं उघडा, इंटरनेटला जोडा, सर्व्हरने मान डोलावली की मग खेळा. एकदा मान डोलावली की ऑफलाइन खेळता यायचं, हे कबूल. पण ती पहिली मान डोलावण्यासाठी घरात इंटरनेट हवं, आणि खामगावात घरात इंटरनेट म्हणजे ५६ केबीपीएसचा मोडेम, तोही ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे. डबा न घेता सगळा गेम उतरवतो म्हणाल तर हिशोब करा. साडेचार जीबी, ५६ केबीपीएस, एकही बिट न सांडता: सात दिवसांहून जास्त. त्या सात दिवसांत लाईट जायची नाही, फोन वाजायचा नाही आणि बाबांनी बिल बघायचं नाही. डबा न घेता ऑनलाइन विकत घ्यायचा तर डॉलरमध्ये पैसे भरायचे. स्टीमवर रुपया आला तो नोव्हेंबर २०१५ मध्ये. पतसंस्थेच्या पासबुकावर डॉलर निघत नाहीत.

आणि हे फक्त खामगावचं रडगाणं नाही. गेम आला त्या दिवशी अमेरिकेतसुद्धा सर्व्हरवर ताण आला आणि डबा हातात घेऊन बसलेले कित्येक लोक ताटकळले. पैसे देऊन, डिस्क हातात असून. गंमत बघा. चोरीची कॉपी खेळणाऱ्याला सर्व्हर लागतच नव्हता. म्हणजे कुलूप बसलं ते फक्त ज्याने पैसे मोजले त्याच्या दाराला! चोर आधीच मागच्या दाराने आत जाऊन सोफ्यावर बसलेला.

आता परत त्या स्टेशनवर या. गेमच्या आत एक दूरची सत्ता आहे. ती कुठून राज्य करते दिसत नाही, पण तुम्ही कुठे जायचं, काय खायचं ते ठरवते, आणि वर तुमच्या भल्यासाठी करतो असं गोड आवाजात सांगते. तिच्या शिपायाला डबा मारला तर गेम तुमचं कौतुक करतो, 'डिफायंट' म्हणतो. आणि हा गेम सुरू करण्याआधी तुम्ही काय केलेलं असतं? लॉगिन. एका दूरच्या सर्व्हरला नाव सांगितलेलं असतं आणि त्याने "जा आत" म्हटलेलं असतं. डबा उचलून कचऱ्यात टाकलेला असतो आपण सगळ्यांनी, गेम सुरू होण्याआधीच. 'सबमिसिव्ह' अचीव्हमेंट खरं तर इन्स्टॉल झाल्या झाल्याच द्यायला हवं होतं.

माझ्या टीममधल्या पोरांशी ह्यावर कँटीनमध्ये तीनदा भांडण झालंय. त्यांचे मुद्दे इथे मांडतो, म्हणजे परत परत नको.

मुद्दा एक. "स्टीम नसतं तर पीसी गेमिंग मेलं असतं." असेल. आपोआप अपडेट, सेल, २०१५ पासून सरळ रिफंड, छोट्या टीम्सना जगभर गिऱ्हाईक. हे सगळं चांगलंच आहे आणि मी स्वतः तिथूनच गेम घेतो. पण हे दुकानाचं कौतुक झालं, कुलपाचं नाही. दुकान आणि कुलूप ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जीओजी नावाचं दुकान २००८ पासून बिनकुलपाचे गेम विकतंय. २०१५ साली 'द विचर ३' पहिल्या दिवसापासून तिथे बिनकुलपाचा मिळत होता. कंपनी बुडाली नाही. उलट तो त्या दशकातल्या सगळ्यात गाजलेल्या गेम्सपैकी एक ठरला.

मुद्दा दोन. "काका, तेव्हाची गोष्ट सोडा, आता खेड्यात पण फाइव्ह-जी आहे." (हा 'काका' मुद्दाम असतो.) मान्य. भाच्याच्या हॉटस्पॉटवर एका रात्रीत गेम उतरला. पण मुद्दा वायरचा नव्हता कधीच. मुद्दा परवानगीचा आहे. भाचा आधी पबजी खेळायचा. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारी आदेशाने बंद. मग बीजीएमआय आला २०२१ ला. जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गायब, मे २०२३ मध्ये परत. आदेश बरोबर की चूक तो वाद वेगळा. सांगायचं एवढंच की सोळा वर्षांच्या पोराला आत्तापासून माहीत आहे की गेम "जातो". कालपर्यंत होता, आज नाही, आणि कुणाला विचारायचं तेही कळत नाही. आमच्या पिढीला हे विचित्र वाटायचं. त्याला पाऊस वाटतो, येतो आणि जातो.

मुद्दा तीन. "चोरीची कॉपी खेळणाऱ्याने नीतीच्या गप्पा मारू नयेत." हा मुद्दा मला लागतो, खोटं कशाला बोलू. पण ह्याचं उत्तर खुद्द व्हॉल्व्हच्या गेब न्यूवेलनेच २०११ मध्ये दिलंय. त्याचं म्हणणं असं की पायरसी हा बहुतेक वेळा किमतीचा नाही तर सेवेचा प्रश्न असतो. चोर जर मालकापेक्षा चांगली सेवा देत असेल तर गिऱ्हाईक चोराकडे जाणारच. एकदम बरोबर. ह्याच फुटपट्टीने २००४ च्या हाफ-लाइफ २ ला खामगावात मोजा. सेवा कुणाची चांगली होती? वीस रुपये तासवाल्या कॅफेची! त्याने माझी चोरी माफ होत नाही. पण कुलपाचंही समर्थन होत नाही.

आणि हो, कॅफेवरून आठवलं. तेव्हा व्हॉल्व्ह आणि तिचा वितरक विवेंडी ह्यांचं कोर्टात भांडण चालू होतं, ते मुळात सायबर कॅफेंवरूनच. आपले गेम कॅफेंना द्यायचा हक्क वितरकाला नाही, असं व्हॉल्व्हचं म्हणणं. नोव्हेंबर २००४ च्या शेवटी, म्हणजे गेम आल्यावर पंधरवड्यात, कोर्टाने व्हॉल्व्हच्या बाजूने कौल दिला. २०२४ च्या माहितीपटात कंपनीची माणसं सांगतात की त्या खटल्यापायी कंपनी दिवाळखोरीच्या कडेला गेली होती. म्हणजे स्टीम कुठल्या भीतीपोटी जन्मलं ते मला कळतं. मधल्या दलालाने नाडलेल्या माणसाने स्वतःचं दुकान काढणं ह्यात काही गैर नाही. फक्त दलालाचा राग गिऱ्हाईकाच्या दारावर कुलूप घालून काढू नये.

इथपर्यंत मी दुसऱ्यांना शिव्या घातल्या. आता स्वतःची पाळी.

२००९ साली मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर. चोरीच्या कॉप्या फार व्हायच्या, म्हणून लायसन्स तपासायचं मॉड्यूल लिहायचं काम माझ्याकडे आलं. दर सात दिवसांनी सॉफ्टवेअर आमच्या सर्व्हरला विचारणार, मी चालू का? हो आलं तर चालणार. नाही आलं, किंवा काहीच आलं नाही, तर लॉक. कोड सुबक होता. त्या क्वार्टरला मला स्टार परफॉर्मरचं सर्टिफिकेट आणि दोन हजारांचं कूपन मिळालं.

जूनमधला एक शनिवार. सपोर्टवाला पोरगा सुट्टीवर, म्हणून फोन माझ्याकडे वळवलेला. पलीकडे मेहकर बाजूचा एक कृषी केंद्रवाला. आदल्या रात्री पाऊस पडलेला, पेरणीच्या तोंडावर बियाण्याला रांग लागलेली, आणि स्क्रीनवर माझं वाक्य: "आपले लायसन्स अवैध आहे." त्याने पूर्ण पैसे भरले होते, पावती होती. शोधलं तर आमच्याच सर्व्हरचं सर्टिफिकेट रात्री संपलेलं, नूतनीकरण करायचं कुणाच्या लक्षात नाही. सगळे अस्सल गिऱ्हाईक एका झटक्यात लॉक. चोरीच्या कॉप्या मात्र छान चालू, कारण त्यांच्यातून माझं मॉड्यूल कुणीतरी आधीच काढून टाकलेलं. तो माणूस ओरडला नाही. माझी बोली ओळखून म्हणाला, "भाऊ, तुम्ही आपल्याच इकडले वाटता. मी पैसे नाही देल्ले काय?" मग रांगेतल्या लोकांना हाताने बिलं फाडून देतो म्हणाला आणि फोन ठेवला.

सोमवारी मी पॅच दिला. सात दिवसांऐवजी तीस दिवस. कुलूप काढलं नाही, फक्त किल्लीची साखळी लांब केली. तेव्हा मी हा प्रश्न मीटिंगमध्ये मांडू शकलो असतो. मांडला नाही. अप्रेझल तोंडावर होतं.

म्हणून मी ह्या विषयावर चिडतो. मला कुलूप बाहेरून दिसत नाही, आतून दिसतं. ते किती पातळ असतं, कुणाच्या विसराळूपणावर टांगलेलं असतं, आणि ते लावणारा माणूस किती चांगला, सुशिक्षित, शनिवारी लेख लिहिणारा असू शकतो, हे मला माहीत आहे.

निदान आता बोलणं तरी सुरू झालंय. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरताना स्पष्ट सांगू लागलं की तुम्ही वस्तू घेत नाही, लायसन्स घेताय. कॅलिफोर्नियात तसा कायदा झाला आणि तो जानेवारी २०२५ पासून लागू झाला. युबिसॉफ्टने २०१४ चा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम मार्च २०२४ अखेर सर्व्हरसकट बंद केला. विकत घेतलेल्यांच्या हातात काही उरलं नाही. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली, आणि जुलै २०२५ मध्ये युरोपात तिने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. ती सुरू करणारा रॉस स्कॉट हा तोच, ज्याने गॉर्डन फ्रीमनच्या डोक्यात काय चाललंय ह्यावर 'फ्रीमन्स माइंड' नावाची विनोदी मालिका केली होती. मुक्या नायकाला ज्याने आवाज दिला, तोच गिऱ्हाईकाच्या वतीनेही बोलायला उभा राहिला. मागणी अगदी माफक आहे. गेम कायम चालवा असं कुणी म्हणत नाही. बंद करताना विकलेली वस्तू चालती ठेवून जा, एवढंच.

आता भाच्याचा प्रश्न. जेवताना मी त्याला म्हणालो, "नाही रे. आपला नाही झाला. वापरायला दिलाय."

"म्हणजे किरायानं?"

"तसंच काहीसं."

"पण मंग तू पैसे देऊन घेतला तो?"

"तो पण."

त्याने ताटातली भाकरी मोडली आणि म्हणाला, "मंग तं माह्या फुकटचाच बरा!" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

रविवारी रात्री तो रेव्हनहोममध्ये होता. अकराच्या सुमारास लाईट गेली. त्याचा मोबाईल चार्जिंगला होता, तोही डिस्चार्ज होऊन बंद पडला, म्हणजे हॉटस्पॉट गेला. आई मेणबत्ती शोधायला उठली. लॅपटॉपच्या उजेडात भाच्याचं तोंड तेवढं दिसत होतं. नेट नाही, सर्व्हर नाही, लाईट नाही. आणि गेम चालू होता. करवतीचं पातं उचलतोय, फेकतोय, पुढे जातोय. कारण ह्या गेमला चालायला सर्व्हर लागतच नाही. कधीच लागत नव्हता. वीस वर्षांपूर्वीही नाही. कुलूप ही गेमची गरज नव्हती, तो कुणीतरी मीटिंगमध्ये घेतलेला निर्णय होता.

तुमच्यापैकी निम्मे लोक पुण्यात, बंगळुरात, हिंजवडीत, मगरपट्ट्यात बसून हेच निर्णय घेता. फार मोठी क्रांती करू नका. पुढच्या प्लॅनिंगला कुणी "लायसन्स चेक" असं कार्ड लावलं की हात वर करा आणि एकच विचारा: सर्व्हरकडून उत्तर आलं नाही तर पैसे भरलेल्या माणसाचं काय? आणि उत्तर "लॉक" असेल तर ते बदलल्याशिवाय कार्ड पुढे सरकू देऊ नका. मी २००९ साली विचारलं नाही. मेहकर बाजूच्या एका माणसाने त्या शनिवारी रांगेतल्या सगळ्यांची बिलं हाताने फाडली.

बाकी गेम जरूर खेळा. दहापैकी दहा आहे, आणि शिपायाला डबा मारायला विसरू नका :)